कुणीतरी जागा बदलतंय

घरात तिला सगळे मोठी म्हणायचे. दोनच बहिणी, त्यातली ही मोठी आणि दुसरी धाकटी. आईवडील गेले, धाकटीला नातवंडं झाली, तरी नावं तीच राहिली. मोठीनं लग्न केलं नाही. त्यामागे काही दुःखाची गोष्ट होती असंही नाही. धाकटीचं आधी जमलं, मग वडिलांचं आजारपण निघालं, त्यामागून आईचं, आणि सगळं निस्तरून ही मोकळी झाली तोवर लोकांनी विचारायचंच सोडून दिलं होतं.

तिचं काम कानांचं होतं. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर रुग्ण तपासून झाले की काय पाहिलं, काय आढळलं, पुढे काय करायचं ते बोलून रेकॉर्ड करून ठेवत. ते ऐकायचं, जसंच्या तसं टाइप करायचं आणि रिपोर्ट पाठवून द्यायचा. पूर्वी हे काम हॉस्पिटलच्या तळघरातल्या एका खोलीत चालायचं. चार-पाच जणी कानाला हेडफोन लावून बसायच्या, जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांच्या नकला करायच्या आणि हसून हसून बेजार व्हायच्या. पुढे हॉस्पिटलनं हे काम एका कंपनीला दिलं आणि कंपनीनं सांगितलं, घरून करा. तळघरातली खोली रिकामी झाली. बाकीच्या जणी एकेक करून पांगल्या. मोठी मात्र आपलं टेबल घरच्या खिडकीशी लावून बसली ती बसलीच.

खिडकीतून समोरच्या गॅरेजचं पत्र्याचं छप्पर दिसायचं. टेबलाखाली पायानं दाबायची पट्टी होती. उजव्या पायानं दाबलं की आवाज पुढे, डाव्यानं दाबलं की मागे. ती चपला काढून बसायची, कारण अनवाणी पायाला पट्टी बरोबर कळायची. सकाळी केर-पाणी, आंघोळ उरकून ती बसली की दुपारच्या जेवणापर्यंत हलत नसे. दिवसभरात प्रत्यक्ष माणसाशी बोलणं व्हायचं ते दूधवाल्याशी, तेही "उद्या अर्धाच लिटर" इतकं. पण कानात माणसांची वर्दळ असायची. एक डॉक्टर घाईवाला होता, तो निम्मे शब्द गिळायचा. एक बाई डॉक्टर बोलताबोलता काहीतरी चघळायच्या. मेंदूचे एक डॉक्टर होते ते प्रत्येक विरामचिन्ह बोलून दाखवायचे, आणि वाक्य संपलं की "पूर्णविराम" असं म्हणायचे, जड पिशवी खाली ठेवावी तसं. मोठीनं त्यांचं नाव पूर्णविराम ठेवलं होतं. यातल्या कुणीही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ती मात्र त्यांची सर्दी ओळखायची, कंटाळा ओळखायची. घाईवाल्याला तर ती कधी कधी मोठ्यानं म्हणायचीसुद्धा, "अहो, हळू. कुणी मागे लागलंय का?"

टाइप करायचं सॉफ्टवेअर कंपनीचं होतं आणि ते तिच्या हाताला इतकं सरावलेलं होतं की त्याकडे ती बघतही नसे. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात ‘जपून ठेवा’. दोन-चार ओळी झाल्या की हात आपोआप तिथे जाऊन यायचा. ‘पाठवा’ मात्र दूर, वर, एकटं. सगळं वाचून, तपासून झालं की मुद्दाम हात लांब करून ते दाबायचं. स्वतःच्या घरात अंधारात उठून दिवा लावताना आपण भिंत चाचपत नाही, तसं हे होतं.

एका सोमवारी सकाळी पूर्णविरामांचा रिपोर्ट टाइप करता करता तिचा हात नेहमीसारखा कोपऱ्यात गेला आणि रिपोर्ट नाहीसा झाला. क्षणभर तिला कळेना काय झालं. मग नीट पाहिलं. कोपऱ्यात हिरवंगार ‘पाठवा’ होतं. ‘जपून ठेवा’ कुठेच दिसेना. शोधता शोधता ते वर डावीकडे तीन आडव्या रेघांच्या आत दडलेलं सापडलं, फडताळात मागे सरकलेल्या वाटीसारखं. रिपोर्ट अर्धाच गेला होता. वाक्यही पुरं झालेलं नव्हतं.

तिनं सुपरवायझरला फोन केला. सुपरवायझर म्हणजे वयानं लहान, बोलायला चटपटीत अशी एक बाई. मोठीनं तिलाही कधी पाहिलेलं नव्हतं.

"तुम्ही बटणांच्या जागा बदलल्यात का?" मोठीनं विचारलं.

"नाही मॅडम. काहीच बदललेलं नाही."

"माझ्याकडे ‘पाठवा’ खाली आलंय. हिरवं झालंय."

"माझ्यासमोर उघडंच आहे. वरच आहे ते. आणि आणखी कुणाची तक्रार नाही."

"मग फोटो काढून पाठवू का?"

"नको, नको. स्क्रीनचा फोटो काढायचा नाही, नियम माहितीये ना तुम्हाला. रुग्णांची नावं असतात. एकदा बंद करून चालू करा, होईल नीट."

बंद करून चालू केलं. हिरवं बटण तिथेच होतं. मोठीनं मग एका कागदावर पेन्सिलनं स्क्रीनचं चित्र काढलं, आधी कसं आणि आता कसं, आणि त्याचा फोटो पाठवला. सुपरवायझरचं उत्तर आलं, "मॅडम, हे काय आहे?"

शेवटी कंपनीनं घरी माणूस पाठवला. पाठीला बॅग लावलेला तो दुरुस्तीवाला आला, खुर्चीत बसला, सॉफ्टवेअर उघडलं, आणि कोपऱ्यात ‘जपून ठेवा’ होतं. वर ‘पाठवा’. सगळं जिथल्या तिथे. मोठी त्याच्या मागे उभी होती. तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

"कालपर्यंत नव्हतं हो असं," ती म्हणाली. "आज सकाळी बघितलं नाही मी. पण काल नव्हतं."

"असेल, असेल," तो म्हणाला. त्यानं उगीच दोन-चार गोष्टी उघडल्या, मिटल्या. निघताना दारात बूट चढवत म्हणाला, "चष्म्याचा नंबर तपासून घ्या आजी."

तिला आजी म्हणणारा तो पहिलाच. दार लावून ती थोडा वेळ दाराशीच उभी राहिली. दोन दिवसांनी सकाळी पाहिलं तर कोपऱ्यात हिरवं बटण परत हजर. या वेळी तिनं कुणालाच फोन केला नाही.

न करण्याचं कारण आई होती.

आईचं विसरणं स्वयंपाकघरातून सुरू झालं होतं. मिठाचा डबा वर्षानुवर्षं एकाच जागी असायचा, आणि आई त्याच्यासमोर उभी राहून विचारायची, "हा इथे कुणी ठेवला?" मोठी सांगायची, आई, तो तिथेच असतो. आई मान हलवायची. "नाही. कुणीतरी माझ्या वस्तूंच्या जागा बदलतंय." सुरुवातीला दोघी बहिणींना हसू यायचं. मग शेजारणीवर आळ आला, मग दूधवाल्यावर, मग मोठीवर. शेवटची वर्षं मोठीनंच सगळं केलं. धाकटी संसारात होती, लांब होती, यायची तेव्हा रडायची आणि परत जायची. त्यामुळे ते दुखणं कसं पाऊल टाकत येतं हे मोठीला जितकं पाठ होतं तितकं कुणालाच नव्हतं.

धाकटीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. नातवाचे दात, जावयाची बदली, गुडघे, असं काहीबाही. त्या आठवड्यात एकदा बोलता बोलता मोठी म्हणून गेली, "कामात लक्षच लागत नाही बघ. सारखं कुणीतरी जागा बदलतंय."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. मोठीनंही आपलंच वाक्य ऐकलं होतं. कान तिचे तयारीचे होते. आईचा सूर, आईचे शब्द, फक्त आवाज वेगळा.

"म्हणजे कॉम्प्युटरवर," ती घाईनं म्हणाली. "बटणांच्या."

"हो, हो," धाकटी म्हणाली. "जेवलीस का?"

त्यानंतर मोठीनं स्वतःवर पहारा बसवला. हिरव्या बटणावर तिनं जखमेला लावायची चिकटपट्टी चिकटवली, म्हणजे हात तिकडे जाण्याआधी डोळा अडखळेल. पण दोन दिवसांनी स्क्रीन परत जुनी झाली आणि पट्टीखाली ‘जपून ठेवा’ झाकलं गेलं. मग तिनं पट्टी काढली आणि तोंडानं बोलायला सुरुवात केली. "थांब. बघ. मग दाब." दर दोन ओळींनी हे म्हणायचं. काम निम्म्यावर आलं. संध्याकाळी मान आखडायची. गॅस बंद केला का हे बघायला ती दोनदा उठायची, पूर्वी एकदाही उठत नसे. चष्मा हरवला की हातातलं काम टाकून सगळं घर धुंडाळायची, आणि सापडला की तो जिथे सापडला ती जागा बरोबर होती का यावर विचार करत बसायची. इतकं डोळ्यांत तेल घालूनही आणखी एक रिपोर्ट अर्धा गेलाच. सुपरवायझरचा फोन आला. ती रागावली नाही, उलट फार गोड बोलली, आणि त्या गोडपणानं मोठी जास्त घाबरली.

"मॅडम, तुम्हाला थोडी विश्रांती हवी असेल तर सांगा. इतकी वर्षं केलंत तुम्ही."

पुढच्याच आठवड्यात धाकटी आली. न कळवता, हातात एक छोटी बॅग. म्हणाली, सहज आले. सहज आलेली माणसं डबे उघडून वास घेत नाहीत आणि औषधांच्या गोळ्या मोजत नाहीत. मोठीला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामाला बसली तेव्हा धाकटी खाटेवर पेपर धरून बसली होती, आणि पेपराचं पान उलटत नव्हतं.

"थांब," मोठी पुटपुटली. "बघ. मग दाब."

"कुणाशी बोलतेस गं?"

"इकडे ये," मोठी म्हणाली. "हे बघ. हे हिरवं दिसतंय ना? हे आधी इथे नव्हतं. वर होतं."

धाकटी वाकली. तिनं हिरवं बटण पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं. "दिसतंय की. पण आधी कुठे होतं ते मला काय माहीत मोठे? मी कधी पाहिलंय?"

खरंच होतं. जगात एकाही माणसानं तिच्या खांद्यावरून ती स्क्रीन कधी पाहिलेली नव्हती. मोठीच्या मनात आलं, तळघरातली खोली असती तर नुसती मान वळवली असती. शेजारणीच्या टेबलावर काय आहे ते दिसलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता.

"मी एका चांगल्या डॉक्टरांची वेळ घेतलीये," धाकटी म्हणाली. "नुसतं दाखवून येऊ. माझ्यासाठी चल."

हॉस्पिटल तेच, ज्याच्या तळघरात मोठीनं इतकी वर्षं काढली होती. आता पुढच्या दारानं, लिफ्टनं वर. बाकावर बराच वेळ बसल्यावर आतून नाव पुकारलं गेलं. मोठी आत गेली, धाकटी मागोमाग. टेबलामागे एक किरकोळ बांध्याचे, टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. स्वेटरचं एक बटण चुकीच्या काजात. मोठी त्यांना ओळखत नव्हती.

"बसा," ते म्हणाले. "काय त्रास होतोय, स्वल्पविराम, म्हणजे, काय होतंय सांगा."

मोठीनं आवाज लगेच ओळखला. पूर्णविराम. तिच्या कल्पनेत ते उंच आणि दाट केसांचे होते. इतक्या वर्षांचा ओळखीचा आवाज भलत्याच माणसाच्या तोंडून येत होता आणि तो माणूस तिच्याकडे पहिल्यांदा भेटणाऱ्या बाईकडे पाहावं तसा पाहत होता. सांगावं का, असं तिच्या मनात आलं. पण काय सांगायचं? की तुमची सर्दी मला कळते? असं बोलणाऱ्या बाईला त्या खोलीत काय म्हणतील हे तिला चांगलं ठाऊक होतं.

धाकटीच बोलली. आईचं सांगितलं, जागांचं सांगितलं, पुटपुटण्याचं सांगितलं. "घरी बसून टायपिंग करते," असंही सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवत लिहून घेतलं.

"मी तीन शब्द सांगतो. थोड्या वेळानं परत विचारेन. खुर्ची, नदी, लिंबू."

मोठीनं म्हणून दाखवले. मग त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं. ती वर्तुळ काढून आकडे मांडत होती, इतक्यात त्यांची नर्स काही कागद घेऊन आत आली.

"सर, सही करू नका यावर. हाही अर्धाच आलाय टायपिंगकडून."

"परत?" डॉक्टर वैतागले. त्यांनी ड्रॉवरमधून आणखी एक कागद काढून शेजारी ठेवला. "काय चाललंय या लोकांचं? हा बघा, ‘उजव्या हाताने’ इथे थांबलाय. आणि हा नुसता ‘झोप’ म्हणून संपतो. झोप काय? लागते का नाही लागत?"

मोठीच्या हातातली पेन्सिल थांबली.

"पहिला माझा आहे," ती म्हणाली.

तिघंही तिच्याकडे बघायला लागली.

"उजव्या हाताने पेला धरता येत नाही, पूर्णविराम. असं होतं ते. माझ्याकडून अर्धा गेला. पण दुसरा माझा नाही. झोपेचा मी केलेलाच नाही."

"तुम्ही माझे रिपोर्ट टाइप करता?"

"बरीच वर्षं झाली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला, परत घातला. "घरची मंडळी म्हणतात मी सारखं पूर्णविराम म्हणतो," ते जरा संकोचून म्हणाले. "खरं का?"

"म्हणता. पण बरं पडतं. तेवढाच श्वास घ्यायला मिळतो."

नर्स हसली. धाकटी हसली नाही. ती कधी एका कागदाकडे, कधी दुसऱ्याकडे पाहत होती. मोठीनं पेन्सिल खाली ठेवली. दुसरा तिचा नव्हता. म्हणजे आणखी कुणीतरी होतं, कुठल्या तरी खोलीत, ज्याचा हात कोपऱ्यात गेला आणि वाक्य तुटलं.

"आता ते तीन शब्द सांगा," डॉक्टर म्हणाले.

"खुर्ची," मोठी म्हणाली. "लिंबू."

तिसरा आलाच नाही. तिनं खिडकीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. खुर्ची, लिंबू. मध्ये काहीतरी होतं.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "मध्येच आम्ही गोंधळ घातला. आत्ता काळजी करण्यासारखं मला काही दिसत नाही. वर्षभरानं परत या, तेव्हा बघू."

लिफ्टमधून उतरताना धाकटी म्हणाली, "नदी." फार हळू म्हणाली, जणू स्वतःशीच.

"हो," मोठी म्हणाली. "नदी."

घरी आल्यावर मोठीनं सुपरवायझरला फोन लावला. या वेळी तिचा आवाज ठाम होता. "माझ्यासारखं आणखी एकाचं होतंय. पूर्ण—" ती सावरली, "मेंदूच्या डॉक्टरांकडे दोघांचे अर्धे रिपोर्ट पडलेत. त्यांनाच विचारा. आणि ज्यांनी हे सॉफ्टवेअर बनवलं त्यांनाही विचारा."

दोन दिवस काही नाही. मग सुपरवायझरचा फोन आला. नेहमीचा चटपटीतपणा कुठे गेला होता कोण जाणे.

"मॅडम, मलाही माहीत नव्हतं खरंच. सॉफ्टवेअरवाल्यांनी सांगितलं, नवीन मांडणीची चाचणी चालू आहे. थोड्याच लोकांना ती दाखवतात. कधी नवी, कधी जुनी. लोक कसे वापरतात ते बघतात."

"आम्हाला सांगायचं नाही?"

"सांगितलं तर माणसं मुद्दाम जपून वागतात म्हणे. मग खरं काय ते कळत नाही."

मोठी खुर्चीत बसली. धाकटी समोर भाजी निवडत होती. तिनं मान वर करून बघितलं, तेव्हा मोठीनं फोनचा आवाज मोठा केला आणि म्हणाली, "परत एकदा सांगा. माझ्या बहिणीला ऐकायचंय." सुपरवायझरनं परत सांगितलं. धाकटीनं हातातली भाजी खाली ठेवली. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "मेले कुठचे."

"आणि ते दुसरे कोण?" मोठीनं फोनवर विचारलं.

सुपरवायझर थोडी घुटमळली. "ते गृहस्थ गेल्याच आठवड्यात सोडून गेले. आपल्याला आता जमत नाही म्हणाले. तक्रार वगैरे काही केली नव्हती त्यांनी. आम्हाला वाटलं, वय झालं."

"त्यांना सांगितलंत हे?"

"सांगायला हवं," सुपरवायझर म्हणाली. तिच्या सुरावरून मोठीनं ओळखलं की ते राहून जाणार.

"त्यांना विचारून मला नंबर द्या. मी सांगते."

नंबर मिळाला. धाकटी परत गेल्यावर एका दुपारी मोठीनं फोन केला. पलीकडून पुरुषाचा जाड, जपून बोलणारा आवाज आला. पूर्वी कोर्टात स्टेनो होता म्हणे, निवृत्तीनंतर हे काम धरलं होतं. मुलाच्या घरी राहत होता. मोठीनं आपण कोण ते सांगितलं आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं.

मागे कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"तुमचंही हिरवं झालं होतं?" त्यानं विचारलं.

"हो. खाली, कोपऱ्यात."

"आणि ते दुसरं तीन रेघांत."

"तीन रेघांत."

"मी कुणाला बोललोच नाही," तो म्हणाला. "मुलगा आधीच म्हणतो, बाबा आता पुरे करा. म्हटलं, याला आयतं कोलीत कशाला द्या. रोज सकाळी बसायचो आणि छाती धडधडायची. शेवटी वाटलं, अब्रूनं उठावं."

"तुमचं काही चुकलेलं नव्हतं."

"नाही," तो म्हणाला. "नव्हतं, नाही का."

मग दोघंही थोडं मोकळं बोलले. घाईवाल्याचा विषय निघाला, तोही त्याला त्याच नावानं ओळखत होता. चघळणाऱ्या बाई निघाल्या. "त्या बडीशेप खातात," तो खात्रीनं म्हणाला. मोठीला आजवर शेंगदाणे वाटत आले होते. ती हसली. किती दिवसांनी मोठ्यानं हसली ते तिचं तिलाच कळलं, कारण घशातून आवाज निघताना जरा खरखरला.

"परत या की," ती म्हणाली. "मी सुपरवायझरशी बोलते."

"आता नको. सुनेनं मी बसायचो त्या खोलीत नातवाचं अभ्यासाचं टेबल लावलं. बरं दिसत नाही परत मागायला." तो थांबला. "पण फोन केलात, फार बरं झालं. मी करतो तुम्हाला अधूनमधून."

बोलायचं तेवढं बोलून झालं होतं. दोघांनीही फोन ठेवला.

त्यानं फोन केला नाही. मोठीनं दोन-तीनदा नंबर काढला. एकदा लावलाही. सुनेनं उचलला, म्हणाली, बाबा बागेत गेलेत, आले की सांगते. सांगितलं असेल, नसेल. मोठीनं मग परत लावला नाही.

काही दिवसांनी स्क्रीनवर एक छोटी चौकट उघडली. नवीन मांडणी आवडली का? खाली दोन चेहरे, एक हसरा, एक रडका. मोठी पायाची पट्टी सोडून त्या चेहऱ्यांकडे पाहत बसली. तिला त्यांना आईबद्दल सांगायचं होतं, कोर्टातल्या स्टेनोच्या खोलीत लागलेल्या टेबलाबद्दल सांगायचं होतं, लिफ्टमध्ये धाकटीनं ज्या हळू आवाजात नदी म्हटलं त्याबद्दलही. जागा दोन चेहऱ्यांपुरतीच होती. तिनं रडका दाबला. चौकटीनं आभार मानले आणि ती मिटली.

महिना उलटायच्या आत जुनी मांडणी परत आली, आणि या वेळी राहिली. मधल्या काळात हाताला नवीची थोडी सवय लागली होती, त्यामुळे पहिल्या सकाळी तो वर तीन रेघा शोधत गेला आणि काहीच सापडलं नाही. तिनं हात मांडीवर ठेवला, थोडी थांबली आणि मग कोपऱ्यात नेला. काम पूर्वीच्या गतीला आलं. पूर्णविरामांचे रिपोर्ट येत राहिले. पहिल्या काही दिवसांत त्यांनी एका रिपोर्टाच्या शेवटी, रुग्णाचं सगळं संपल्यावर, घसा खाकरून "बरं का बाई, धन्यवाद, पूर्णविराम" असं म्हटलं होतं. ते टाइप करायचं नव्हतं. मोठीनं ते परत मागे नेऊन ऐकलं. नंतर ते विसरले असावेत, कारण पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

धाकटीचा फोन रोज संध्याकाळी येतच राहिला. नातवाचे दात, जावयाची बदली. पण आता मध्येच एखादा प्रश्न यायचा, अगदी सहज, सुरात सूर मिसळून. आज वार कोणता गं? परवा कोण आलं होतं म्हणालीस? मोठीच्या कानाला तो वेगळा पडायचा. धाकटीच्या आवाजात तेवढ्यापुरता किंचित ताण यायचा, जसा डॉक्टरांच्या आवाजात एखाद्या रुग्णाविषयी वाईट सांगण्याआधी येतो.

"काल रात्री काय केलं होतंस जेवायला?" एका संध्याकाळी धाकटीनं विचारलं.

मोठी खिडकीशी उभी होती. गॅरेजवाला शटर ओढत होता.

"आठवत नाही," ती गमतीनं म्हणाली.

पलीकडे आवाज थांबला. मोठीनं तो थांबलेला आवाज ऐकला. हसून टाकायचं तिच्या मनात होतं, पण हसणं कुठे अडलं कोण जाणे.

"भात," ती म्हणाली. "भात आणि दुपारची भाजी. गरम करून."

"असं होय," धाकटी म्हणाली आणि श्वास सोडून नातवाच्या दातांविषयी सांगायला लागली. मोठी ऐकत राहिली.